लंडनचे टपाल संग्रहालय : आधी कागद, मग रेल्वे

लंडनच्या माउंट प्लेझंट भागातील टपाल संग्रहालयाचे नाव आज सर्वतोमुखी झाले आहे ते तेथील भुयारी रेल्वेमुळे, आणि बहुतेक पाहुणे तिच्यासाठीच प्रवेशाचे तिकीट काढतात. रेल्वे पाहण्यासारखी आहे यात वाद नाही. मात्र संस्थेची खरी पुंजी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या इमारतीत, काचेआडच्या कागदांत आहे, आणि ती उरलेल्या वेळात घाईघाईने उरकणाऱ्यांना अर्धेच संग्रहालय पाहायला मिळते.

संग्रहाचा मानबिंदू अर्थातच 'पेनी ब्लॅक', म्हणजे ६ मे १८४० पासून वापरात आलेले जगातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट. त्याआधी पत्राचा टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई, तोही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. रोलंड हिल यांच्या सुधारणेने अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एकच पेनी पडू लागली. छपाईची नोंद म्हणून राखलेले या तिकिटांचे अखंड ताव संग्रहालयाकडे आहेत, आणि त्यांची मांडणी निरखून पाहावी अशी आहे. एका ओळीत १२ तिकिटे म्हणजे एक शिलिंग, अशा २० ओळी म्हणजे पूर्ण ताव एका पौंडाचा, त्यामुळे पोस्टमास्तरला हिशेब डोळ्यांनीच करता येई. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत वेगवेगळी अक्षरजोडी छापलेली असे. बनावट तिकिटे करणाऱ्यांना अडचण व्हावी हा त्यामागचा हेतू. एवढी खबरदारी घेऊनही खरी फजिती शाईने केली : काळ्या तिकिटावरचा लाल शिक्का पुसून तेच तिकीट पुन्हा वापरता येई, म्हणून १८४१ मध्ये तिकीट तांबूस आणि शिक्का काळा करावा लागला. अंतर न मोजता हलक्या पत्राला एकच दर ही कल्पना हिंदुस्थानात १८५४ साली अर्ध्या आण्याच्या तिकिटासह आली. त्याच्या दोन वर्षे आधी 'सिंध डाक' तिकीट काढणारे बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, एवढा धागा मराठी वाचकाने मनाशी बाळगून हे दालन पाहावे.

टपालगाड्या, शस्त्रधारी रक्षकांची हत्यारे, पाच चाकांची विचित्र टपाल सायकल आणि सुरुवातीच्या काळातील हिरव्या पत्रपेट्या या वस्तू मुलांना रमवतात. हवेच्या दाबाने नळीतून चिठ्ठी पाठवण्याचा खेळ तर मोठ्यांनाही सोडवत नाही.

फिरत्या प्रदर्शनांच्या बाबतीत ही संस्था किती वरच्या दर्जाचे काम करू शकते, हे २०१८ मधील 'गेअरसॉप्पा' जहाजाच्या पत्रांवरील प्रदर्शनाने दाखवून दिले. गेरसप्प्याचे नाव धारण करणारे हे मालवाहू जहाज डिसेंबर १९४० मध्ये कलकत्त्याहून चांदी, चहा, लोखंड आणि टपाल घेऊन निघाले आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडीने ते बुडवले. जहाजावरचा एकच जण वाचला. सुमारे ४,७०० मीटर खोलीवरून चांदी काढताना ७०० हून अधिक पत्रे हाती लागली. अंधारात, प्राणवायूवाचून घट्ट दाबली गेल्यामुळे ती ७० वर्षे टिकली होती. हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांनी घरी लिहिलेला हा मजकूर सुकवून, उलगडून वाचनीय करणे हे संवर्धकांचे काम चांदीपेक्षा मोलाचे ठरले. टपालाचा इतिहास म्हणजे केवळ तिकीटसंग्राहकांचा छंद, असे मानणाऱ्यांचे तोंड बंद करायला हा एकच विषय पुरे आहे.

आता रेल्वेविषयी. लंडनच्या रस्त्यांवरील गर्दी आणि धुके यांत टपाल अडकू नये म्हणून पॅडिंग्टन ते व्हाइटचॅपल असा सुमारे साडेदहा किलोमीटरचा चालकविरहित विद्युत मार्ग १९२७ मध्ये सुरू झाला, आणि रस्त्याने टपाल नेणे स्वस्त पडू लागल्यावर २००३ मध्ये बंद पडला. पहिल्या महायुद्धात, रूळ पडण्याआधीच, या भुयारांनी कलासंग्रहांतील मौल्यवान चित्रांना आसरा दिला होता. आज सुमारे एक किलोमीटरची फेरी पंधरा मिनिटांत होते. मूळ मार्ग पोत्यांसाठी खोदलेला असल्याने डब्यात गुडघे आखडून, मान सांभाळून बसावे लागते. बंदिस्त जागेची भीती असणाऱ्यांनी मोह आवरावा. फलाटाच्या भिंतींवर दाखवली जाणारी चित्रफीत थोडी नाटकी आहे, पण भुयाराच्या छतातून लोंबणारे चुन्याचे सुळके कोणत्याही निवेदनाविना बरेच सांगून जातात. चाकाच्या खुर्चीवरील पाहुण्यांना गाडीत बसता येत नाही. त्यांच्यासाठी डेपोतच फेरीचे दृश्य-श्राव्य रूप दाखवले जाते.

उपक्रमांपैकी लहान मुलांचे टपाल-खेळघर आणि भुयारातून पायी जाण्याची सोबतीसह फेरी यांची चर्चा अधिक होते. अभ्यासकाने मात्र अभिलेखागाराच्या वाचनकक्षाची वेळ आधी ठरवून घ्यावी, कारण मोठा दस्तऐवजी संग्रह तेथेच हाताळता येतो. रेल्वेची वेळ नोंदवताना ती दुपारची घ्यावी आणि सकाळ दालनांसाठी मोकळी ठेवावी. मुले बरोबर असतील तर हा क्रम त्यांना पटवून देण्याची तयारी मात्र घरूनच करून निघावे.