ऑनलाइन कपल काउन्सेलिंग : आमचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

लग्नाला बरीच वर्षं झालेल्या जोडप्यांनी ही सर्व्हिस घ्यावी का, तर हो, नक्की घ्या, पण काउन्सेलर पारखून. भांडणात कोण बरोबर कोण चूक ते ठरवून घ्यायला जाणार असाल तर निराश व्हाल. आमच्या मॅडमनी पहिल्याच सेशनला सांगितलं की मी निकाल द्यायला बसलेली नाही, एकजण मनातलं काही बोलला की दुसरा काय करतो एवढंच मी बघणार.

आणि खरंच तेच बघितलं त्यांनी. मी आईच्या तब्येतीबद्दल बोलत होते, रिपोर्ट यायचे होते, तर नवऱ्याने लगेच दुसरा डॉक्टर, कुठली टेस्ट करायची, सगळं सुरू केलं (मनापासून हं, त्याला काळजी आहेच) मॅडमनी हात वर करून थांबवलं, म्हणाल्या उपाय नंतर, आत्ता तिला काय वाटतंय ते विचारा. तो गप्पच झाला. मग हळूच म्हणाला, "तुला भीती वाटतेय का गं?" बास, एवढंच, आणि मला जे रडू फुटलं ना! त्या रात्री आम्ही किती दिवसांनी एकमेकांच्या जवळ झोपलो. बेडरूममधला दुरावा बेडरूममध्ये सुरू झालेलाच नसतो, दिवसभर कोणी विचारतच नाही तिथून तो सुरू होतो.

मॅडमनी जोडप्यांवर संशोधन करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. १३० नवविवाहित जोडपी, ६ वर्षांनी परत बघितली, तर ज्यांचं टिकलं ते जोडीदाराच्या छोट्या छोट्या हाकेला १०० पैकी ८६ वेळा ओ देत होते आणि घटस्फोट झालेले फक्त ३३ वेळा. हाक म्हणजे काय, तर "अगं हे बघ ना" म्हटल्यावर मान वर करून बघणं, इतकी साधी गोष्ट!

होमवर्क पण आवडलं. रोज एकाने दिवसातली चांगली गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याने त्यावर उत्साहाने प्रश्न विचारायचे, नुसतं "छान" म्हणून मोबाईलमध्ये डोकं घातलं तर धरत नाहीत. दुःखात साथ द्यायची हे सगळ्यांना माहीत असतं पण आनंदात पण द्यावी लागते हे कोण सांगतं आपल्याला? आणि भांडताना नाडी १०० च्या वर गेली की समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरतच नाही, तेव्हा निदान २० मिनिटं थांबायचं, पण "मी परत येतोय" असं सांगून, दार आपटून नाही.

एक स्टार कापला कारण मध्येच न विचारता काउन्सेलर बदलली, नवीन बाईंनी पूर्ण सेशन "ॲडजस्ट करायला शिका" यावर घालवलं, आम्ही भांडून पहिल्या मॅडम परत मागून घेतल्या.

घरात मारहाण किंवा धाक असेल तर मात्र जोडीने बसू नका, आधी एकट्याने वेगळी मदत घ्या, समोर बसून खरं बोलणंच सेफ नसतं. बाकीच्यांनी बुकिंग करताना स्पष्ट विचारा की काउन्सेलरचं कपल थेरपीचं ट्रेनिंग झालंय का, आणि मध्ये बदलणार नाही असं लेखी घ्या.