सीआरजीओ की अमॉर्फस: घराजवळच्या डीपीत कोणता गाभा बरा?

रात्री वर्दळ थांबली की डीपीची, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या रोहित्राची, गुणगुण खिडकीतून थेट उशाशी येते. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा. चुंबकीय बल प्रत्येक आवर्तनात दोनदा वाढतं, म्हणून वेटोळ्यांच्या आतल्या गाभ्याचा धातू सेकंदाला १०० वेळा किंचित ताणतो-आखडतो. तोच हा आवाज. लोड नसतानाही तो चालूच राहतो.

सीआरजीओ म्हणजे एका दिशेने कण जुळवलेलं सिलिकॉन पोलाद; त्याचे पत्रे साधारण पाव मिलिमीटर जाडीचे. ते कमी ताणतात, घट्ट आवळताही येतात, त्यामुळे रोहित्र त्या मानाने शांत. अमॉर्फस म्हणजे काचेसारखा, स्फटिकरचना नसलेला धातू; त्याची फीत पत्र्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी, जेमतेम ०.०२५ मिलिमीटर. ती जास्त ताणते, आणि फार आवळली तर तिच्यातली वीजहानीच वाढते. म्हणून आवाज सहसा जास्त. पण बिनलोड वीजहानी, म्हणजे लोड नसतानाही गाभ्यात वाया जाणारी वीज, साधारण दोन-तृतीयांशाने कमी, तीही चोवीस तास. ही बचत मला फार मोलाची वाटते.

शेतातल्या, वस्तीपासून लांबच्या डीपीला अमॉर्फसच हवा. बेडरूमच्या भिंतीला लागून असेल तर मी सीआरजीओच मागेन, आणि खाली रबरी पॅडही. नुसत्या काँक्रीटवर टेकवलं तर ओट्याला हात लावूनही थरथर कळते.