लंडनला न्यायचा कुकर: तीन लिटर, तिहेरी थर, आत बसणारं झाकण

लंडनमधली बहुतेक विद्यापीठं सप्टेंबरात सुरू होतात. त्यामुळे पावसाळा निम्मा सरला की बेळगावच्या गणपत गल्लीत, खडेबाजारात भांड्यांच्या दुकानांपुढे ‘पोरगं लंडनला चाललंय, कुकर दाखवा’ म्हणणारे आईबाप दिसू लागतात. बेळगाव शहरातले, खानापूरकडचे, निपाणी-चिकोडीचे. आम्ही इथे तेवढ्या एकाच वस्तूबद्दल लिहितोय, कारण पहिल्या महिन्याचं जेवण बहुतांशी तिच्यावर ठरतं. घरभाडं, अनामत, प्रवासाचा पास यांत पैसे सरलेले असतात, बाहेर दोन वेळा जेवणं परवडत नाही आणि दिवसभराची लेक्चरं उरकून आलेल्या पोराला वीस मिनिटांत वरण-भात मिळाला तरच ते नीट जेवतं. नाहीतर पाव आणि नूडल्सवर महिना निघतो आणि पोट बिघडतं.

आमची शिफारस आधीच सांगतो: तीन लिटरचा, तिहेरी थराच्या स्टीलचा, झाकण आत बसणारा कुकर. आता त्यामागची कारणं.

दोन लिटरचा एकट्याला पुरतो, पण त्यात डाळ-भाताचे दोन डबे एकावर एक बसत नाहीत. पाच लिटरचा घरच्यासारखा वाटतो, पण लंडनच्या विद्यार्थी वसतिगृहात पाच-सहा जणांत एक स्वयंपाकघर असतं. प्रत्येकाच्या वाट्याला एखादं कपाट आणि फ्रिजचा एखादा कप्पा येतो, तिथे पाच लिटरची अडचणच होते. तीन लिटरमध्येही रुंद-बुटका आणि उंच-अरुंद असे दोन्ही प्रकार मिळतात. घ्यायचे ते डबे आणि खालची जाळी दुकानातच आत ठेवून वर झाकण लावून बघा. डब्यावर डबा ठेवून झाकण अडत असेल तर तो कुकर तिथेच सोडा.

मुख्य गोष्ट बूड. लंडनमध्ये विद्यार्थ्यांच्या स्वयंपाकघरांत गॅस क्वचित असतो. असते ती काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी, कुठे इंडक्शन (लोहचुंबक चिकटणारंच भांडं तापवणारी), कुठे काचेखाली तार लाल होणारी साधी सिरॅमिक. जायच्या आधी यातली कुठली मिळणार ते कळत नाही, म्हणून दोन्हींवर चालणारंच बूड हवं. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. ज्या हार्ड अ‍ॅनोडाइज्ड, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर कडक थर चढवलेल्या, काळ्या कुकरांच्या बुडात छिद्रांची स्टीलची चकती दाबून बसवलेली असते, ते चालतात. पण उष्णता त्या चकतीपुरतीच निर्माण होते, चकतीच्या कडेला खरकटं काळं होऊन बसतं आणि पाणी आटून कुकर कोरडा तापला की बूड फुगतं. फुगलेलं बूड काचेवर मधोमध टेकतं, कडा अधांतरी राहतात. मग सिरॅमिकवर शिट्टीच होत नाही आणि दोष शेगडीला दिला जातो. तिहेरी थरात आत स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, बाहेर चुंबक धरणारं स्टील असतं. उष्णता बाजूंपर्यंत सारखी पोचते, त्यामुळे भात बुडाला कमी लागतो. किंमत साध्या कुकरपेक्षा बरीच जास्त आणि वजनही जास्त, तरी आम्ही तोच घ्या म्हणू. खर्च आवाक्याबाहेर जात असेल तर जाड सँडविच बुडाचा (फक्त बुडातच स्टीलच्या दोन थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियम असलेला) स्टीलचा कुकर दुसऱ्या क्रमांकाचा.

दुकानात जाताना खिशात फ्रिजवरचा लोहचुंबक आणि शाळेतली सरळ पट्टी न्या. चुंबक बुडाला मध्ये आणि कडेला सारखाच घट्ट चिकटला पाहिजे. कुठे चिकटतो, कुठे घसरतो असं असेल तर इंडक्शनवर कुकर अर्धवट तापेल. पट्टी बुडावर उभी आडवी धरून उजेडात बघा. थंड असताना मध्ये किंचित खोलगट चालतं, कारण तापल्यावर धातू फुगून ते सपाट होतं. मध्ये उंचवटा मात्र नको. बुडाचा टेकणारा भाग फार छोटा असेल तर काही इंडक्शन शेगड्या भांडं ओळखत नाहीत आणि नुसतं टिकटिक करत राहतात. शिवाय कुकरवर आयएसआय चिन्हाखाली आयएस २३४७ हा क्रमांक आहे ना बघा, घरगुती प्रेशर कुकरचं भारतीय मानक तेच.

झाकणाबद्दल लोकांचे वाद असतात. प्रेस्टिजच्या ओळखीच्या जुन्या घडणीत झाकण बाहेरून बसतं, हॉकिन्समध्ये आतून. बाहेरून बसणारं धुवायला सोपं. पण आत बसणाऱ्या झाकणाला वाफच वर दाबून धरते, त्यामुळे दाब उतरेपर्यंत ते उघडत नाही. सामायिक स्वयंपाकघरात हा गुण फार मोलाचा आहे. तिथल्या इतर मुलांनी कुकर कधी पाहिलेला नसतो. शिट्टी ऐकून घाबरून कोणी झाकणाला हात लावला तरी धोका कमी. पहिल्यांदा लावण्याआधी त्यांना दोन वाक्यांत सांगून ठेवावं: आवाज होईल, तो वाफेचा आहे, झाकण कोणी उघडायचं नाही.

आता पाणी. याकडे फार कमी लोक लक्ष देतात. लंडनचं पाणी जड आहे, चुनखडीच्या भागातून येतं. बेळगावात राकसकोप-हिडकल धरणांच्या पाण्यावर तीन शिट्ट्यांत मऊ होणारी तूरडाळ तिथे कडक राहते, कारण पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं. यावर उपाय तीन. डाळ अर्धा तास कोमट पाण्यात भिजवायची. शिजताना चिमूटभर खायचा सोडा घालायचा, जास्त घातला तर वास येतो. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ शिजल्यावरच. तूरडाळ पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, रात्रभर भिजवलेले हरभरे वीस-पंचवीस मिनिटं, असा हिशेब धरा. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजणं बरं, कारण विजेच्या शेगडीवर शिट्ट्यांचं अंतर सारखं राहत नाही. आत पांढरट थर धरला तर पाणी आणि थोडं व्हिनेगर उकळून काढा. काळ्या किंवा साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये सोडा घालू नका, आतून खराब होतो.

शेगडीची तऱ्हाही वेगळी. बऱ्याच घरांत भिंतीवर मोठा लाल बटणाचा स्विच असतो, तो दाबल्याशिवाय शेगडीला वीज मिळत नाही. अनेक वसतिगृहांत त्याच्या जोडीला टायमर असतो, ठराविक मिनिटांनी शेगडी आपोआप बंद. हरभरे अर्धकच्चे राहण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, तेव्हा मध्ये पुन्हा दाबायचं लक्षात ठेवा. इंडक्शनवर आच लगेच कमी होते. सिरॅमिकची काच मात्र बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून वेळ संपल्यावर कुकर उचलून बाजूच्या थंड भागावर ठेवा. ओढू नका, काचेवर चरे पडतात आणि निघताना ती भरपाई अनामतीतून कापली जाऊ शकते. दोन्हींवर पहिल्या शिट्टीपर्यंत आच मोठी, नंतर एक ते नऊमधल्या तीनवर.

कुकर दोन तृतीयांशाच्या वर कधीही भरू नका, डाळ आणि खिचडी अर्ध्यापर्यंतच. फेस वर आला की शिट्टीचं भोक तुंबतं. डब्यांत शिजवताना तळाला किमान ३०० मिली पाणी हवं. पाणी आटलं तर झाकणावरच्या सेफ्टी वॉल्व्हमधला मिश्रधातू वितळून वाफ बाहेर पडते. वॉल्व्हने काम चोख केलेलं असतं, पण नवीन वॉल्व्ह बसवेपर्यंत कुकर निरुपयोगी. पहिल्या आठवड्यासाठी खिचडीचं माप: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाच वाट्या पाणी, हळद, मीठ, चमचाभर तेल. पहिल्या शिट्टीनंतर सहा मिनिटं, मग वाफ आपोआप उतरू द्यायची.

फोडणी कुकरमध्ये करा की वेगळ्या भांड्यात, जपून करा. वसतिगृहांत धूर ओळखणारा अलार्म असतो, तो वाजला की अख्खी इमारत रस्त्यावर उतरते. झोपायच्या खोलीत शेगडी लावायला तर बहुतेक ठिकाणी मनाईच असते. संकेश्वरी मिरचीची पूड तापल्या तेलात टाकली तर ठसका सगळ्या मजल्याला लागेल. तेल तापवून, मोहरी-जिरं तडतडलं की भांडं शेगडीवरून खाली घ्यायचं आणि मग तिखट. रंगापुरती ब्याडगी वापरली तर आणखी बरं. शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा चालू, स्वयंपाकघराचा दरवाजा बंद. दरवाजा उघडा ठेवला तर धूर बाहेरच्या बोळातल्या अलार्मपर्यंत जातो.

सामानाचं गणित बेळगावच्या सांबरा विमानतळावरच चुकतं. लंडनच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या एक-दोन बॅगा मिळतात, पण बेळगाव-मुंबई किंवा बेळगाव-बेंगळूरू तिकीट वेगळं काढलं असेल तर देशांतर्गत मर्यादा साधारण १५ किलोची असते आणि जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढा, नाहीतर मुंबईपर्यंत बसने किंवा रेल्वेने जा. कुकर चेक-इन बॅगेतच. आत मसाल्याच्या पुड्या कोंबू नका, मोजे-टॉवेल भरा म्हणजे तपासणीत अडत नाही. शिट्टी काढून वेगळी कापडात गुंडाळा. कुंदा, पेढे आणि घरचं तूप मात्र बॅगेतून काढा. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. आजीने हौसेने कढवलेल्या तुपाची बरणी विमानतळावर टाकून द्यावी लागणं फार जिवाला लागतं, म्हणून हे घरच्यांना आधीच सांगा. तूप तिथे साउथॉल, वेम्बली, टूटिंग, ईस्ट हॅमच्या भारतीय दुकानांत मिळतं. सोनामसुरी तांदूळ, तूरडाळ, मूगडाळही मिळते, तेव्हा धान्यात वजन घालवू नका. ते वजन कांदा-लसूण मसाल्याला आणि तिखटाला द्या.

कुकरही या दुकानांत मिळतात, मग इथून का न्यायचा? तिथे महाग पडतो आणि पहिल्या दोन दिवसांत, अंगात प्रवासाचा शीण असताना, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भांडं आणणं होत नाही.

सुटे भाग इथूनच घ्या: त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या दोन रबरी रिंगा, एक सेफ्टी वॉल्व्ह आणि दांड्याचे स्क्रू. दुसऱ्या कंपनीची रिंग जवळपास बसते, पण वाफ गळते. धुतल्यावर रिंग झाकणातून काढून वेगळी वाळवायची, नाहीतर ती ताणून सैल होते. वर्षाने बदलायचीच. सामायिक घरात भांडी धुण्याचं यंत्र असेल तर कुकर त्यात जाणार नाही याची काळजी घ्या. काळा हार्ड अ‍ॅनोडाइज्ड त्यात पांढुरका पडतो, आणि रिंग कुठल्याही कुकरची असली तरी खराब होते.

ज्याच्या वसतिगृहात दोन वेळच्या जेवणाचे पैसे भाड्यातच धरलेले आहेत, त्याने कुकर नेऊ नये. अशा ठिकाणी बहुधा शेगडी नसते, एखादं मायक्रोवेव्ह असतं. करारात जेवणाचा उल्लेख आहे का, हे खरेदीला निघण्याआधी वाचून घ्या.