लॅडर बार की फोर-लिंक? आधी गाळ्याची फरशी बघा

ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ पट्टीवर उभ्या जागेवरून सुटून पळायच्या पद्मिनीच्या मागच्या ॲक्सलला काय लावायचं यावर अडला असाल तर सांगतो. लॅडर बार म्हणजे ॲक्सलला घट्ट जोडलेले, पुढे एकेका पिव्हटवर (बिजागरीवर) फिरणारे शिडीसारखे दोन बार; फोर-लिंक म्हणजे चार सुट्या दांड्या, दोन्ही बाजूंना एक वर, एक खाली. वागळे इस्टेटच्या गाळ्यात, एकाच गाडीला, मी दोन्ही लावून बघितलेत.

मूळ पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) ट्रॅक्शन बार टाकूनही भागतं. पाटे पिळत नाहीत, चाकं उड्या मारत नाहीत. पण इंजिन बदलून स्लिक (बिननक्षीचे, जास्त पकडीचे) टायर घातले असतील तर तो विषय संपला.

कागदावर फोर-लिंकच सरस, वाद नाही. वरच्या-खालच्या दांड्यांच्या रेषा पुढे जिथे मिळतात तो इन्स्टंट सेंटर भोकं बदलून हवा तिथे नेता येतो. लॅडर बारमध्ये तो म्हणजे पुढचा पिव्हट, बास. माझ्या ब्रॅकेटला त्या पिव्हटसाठी तीन भोकं आहेत. फोर-लिंकवर गाडी सुटायचीही छान, बूड किंचित उचलून, टायर दाबून.

मग फोर-लिंक का काढला? माझ्या गाळ्याच्या फरशीला गटाराकडे उतार आहे. धुवायला सोयीचा, म्हणून कधी खटकला नव्हता. फोर-लिंकची एक दांडी दुसऱ्या भोकात घातली की पिनियन अँगल (ॲक्सलमधल्या पिनियनचा शाफ्टशी होणारा कोन) बदलतो, ॲक्सल चौकोनात आहे का ते पुन्हा मोजायचं, प्रीलोड (दांडीत आधीच भरून ठेवलेला ताण) पुन्हा लावायचा. प्रीलोड बघायला सीटवर माझ्या वजनाची पोती ठेवून उजव्या वरच्या दांडीचा बोल्ट बोटाने सरकतो का ते बघायचो. सरकायचा, अगदी लोण्यासारखा. पण तो उतारावर सरकत होता. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर क्लच सोडला आणि गाडीने सरळ डावीकडे तोंड केलं. चाकांखाली पत्र्याचे तुकडे घालून, पाण्याच्या नळीने लेव्हल काढून तीन रविवार घालवले. एक भोक बदललं की सगळं पहिल्यापासून.

लॅडर बारलाही प्रीलोड असतो. पिव्हट हलवला तर पिनियन अँगल तपासावा लागतो, हेही खरं. पण हलवायला आहेच किती? एका ओळखीच्या अलाइनमेंटवाल्याच्या सपाट रॅम्पवर एकदा बसवला, तेव्हापासून पान्याला हात लावलेला नाही. पट्टीवर वेळ थोडा जास्त लागत असेलही, मी घड्याळ लावून ताडलेलं नाही. मला गाडी सरळ जाते एवढं कळतं.

ज्याच्याकडे सपाट फरशी आहे आणि महिन्याला चार-पाच वेळा पळायची सोय आहे, त्याने फोर-लिंक जरूर घ्यावा. आपल्याला वर्षातून पळायला मिळतं ते किती, तुम्हीच मोजा.

दोन्हीला ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून डायगोनल (तिरपा) बार किंवा तसलंच काहीतरी लागतंच, ते पैसे वाचवायला गाळू नका. आणि गाडी रस्त्यावरही काढणार असाल तर लॅडर बार नको. एक चाक खड्ड्यात गेलं की बार ॲक्सलला मोकळं वळू देत नाहीत, ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर ताण येतो. घोडबंदर रोडला तर विचारूच नका. माझी गाडी टेम्पोवर चढूनच जाते.