जंगलात नवे पंखे लावायचे की सड्यावरचे जुने बदलायचे? ग्रामसभेत हात वर करायच्या आधी

मावसभावाच्या गावात पवनचक्कीचा विषय आलाय. गावाचं नाव सांगत नाही, सह्याद्रीच्या धारेवर आहे, खाली धरणाचं पाणी नि वर जंगल, एवढं पुरे. शेजारच्या डोंगरावर आधीच पंखे आहेत, आता विस्तार करायचाय म्हणे, आणि ह्या वेळी पंख्यांची लाईन येतेय ती सरळ जंगलातून. त्याचा फोन आला, "दादा, तू एवढी वर्षं पंख्यावर काढलीस, तूच सांग, हो म्हणू का नाही?"

मी सातारा-पाटणच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारावर, पंख्यांच्या मेंटेनन्सला होतो. वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूर हा सगळा पट्टा पायाखालचा. त्यामुळं मला पंख्याचा राग बिग काही नाही, पोट भरलंय त्यावर. पण "पवनचक्की चांगली का वाईट" हा प्रश्नच चुकीचा आहे असं माझं मत झालंय. खरा प्रश्न जागेचा आहे. एकीकडं जंगल तोडून नवीन लाईन, दुसरीकडं जुन्या सड्यावरचे म्हातारे पंखे काढून तिथंच मोठे बसवायचे, ज्याला रिपॉवरिंग म्हणतात. दोन्हीतून वीजच मिळते, मग फरक कुठं पडतो ते लिहितो.

आधी रस्ता बघा, पंखा नंतर

लोक पंख्याकडं मान वर करून बघतात आणि तिथंच फसतात. पंख्याचा पाया किती, घराच्या अंगणाएवढा. त्याच्या बाजूला क्रेन उभी करायला सपाट जागा लागते ती मोठी, पण तीही एकवेळ चालेल. जंगल खातो तो रस्ता. पाती अखंड येते, तुकडे करून आणता येत नाही, आजच्या मोठ्या मशीनची पाती 70 मीटरच्या आसपास असते, म्हणजे घाटातल्या वळणावर ती वळवायची तर डोंगर कापावाच लागतो. त्यात एका पंख्यापासून दुसऱ्यापर्यंत रस्ता, केबलचा चर, खांब, सबस्टेशनचं यार्ड.

भीमाशंकरच्या दक्षिणेला खेड आणि मावळ तालुक्यात जो प्रकल्प झाला तो बघा, साधारण 113 मेगावॅट, त्याला 194 हेक्टरच्या आसपास वनजमीन गेली. माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनं 2011 च्या अहवालात ह्याच प्रकल्पावर लिहिलंय, आणि तक्रार पंख्यांच्या पात्यांची नाहीये, ती आहे रस्त्यांची. तीव्र उतार कापून धड चढ-उतार न साधता केलेले रुंद रस्ते, त्यामुळं तुटलेलं जंगल, घसरलेल्या दरडी, तो सगळा मुरूम-राडारोडा खालच्या सुपीक शेतात आणि धरणाच्या पाण्यात. वर गावकऱ्यांनाच डोंगरावर जायला अडवलं, हेही त्यात आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात काय पडतं ते तुम्हाला मी सांगायला नको, डोंगर एकदा उघडा केला की चार महिन्यांत तो खाली यायला लागतो आणि भातखाचरात मुरूम बसला की ते खाचर परत लावणीला आणायला किती वर्षं जातात ते ज्याचं गेलंय त्याला विचारा.

सड्यावर हा खर्च होऊन गेलाय. रस्ता आहे, यार्ड आहे, विजेची लाईन आहे. पण लगेच टाळ्या वाजवू नका, कारण जुना रस्ता जुन्या पंख्यांच्या मापाचा आहे. तिथले बरेच पंखे 350 किलोवॅटचे, चक्राचा व्यास 33 मीटर. त्यांची पाती ट्रेलरवर घाट चढून आली. 70 मीटरची पाती त्याच वळणांवरून येणार नाही, म्हणजे तिथंही थोडी कापाकापी आलीच. फक्त ती आधीच कापलेल्या डोंगराची.

वारा

इथं जंगल आधीच मागं पडतं. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानं वाढते आणि तशीच कमी होते. सेकंदाला 6 मीटरचा वारा 5 वर आला की ताकद 40 टक्क्यांहून जास्त पडते. झाडांचा शेंडा वाऱ्याला अडवतो आणि घुसळतो पण, म्हणून जंगलात टॉवर जास्त उंच घ्यावा लागतो, नाहीतर पाती हेलकावे खात गिअरबॉक्स खाते.

सड्यावर उलट आहे. वनकुसवडेचा सडा समुद्रसपाटीपासून साधारण 1150 मीटरवर, उघडा बोडका, खाली कोयनेचं पाणी. सडावाघापूरला पावसाळ्यात धबधबा उलटा वर उडतो त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील, तोच वारा. आपल्याकडं वर्षभराची बहुतेक वीज ह्या पावसाळ्याच्या वाऱ्यात तयार होते आणि नेमकं तेव्हाच म्हातारी मशीन बंद पडते. जुलैत वाऱ्यामुळं वर चढता येत नाही, धुक्यात शेजारचा पंखा दिसत नाही, नुसता घूंऽऽ आवाज ऐकू येतो, आणि आपण खाली टॉवरच्या दाराशी टेकून, आत ऑइलचा वास, वारा कमी व्हायची वाट बघतोय. पार्ट कंपनीकडं मिळत नाही, बनवणं बंद झालंय. मग काय करायचो, एक पंखा कायमचा मेलेला असायचा त्याचे पार्ट काढून दुसऱ्याला. राज्यातल्या सगळ्यात चांगल्या वाऱ्यात असली मशीन उभी आहेत, ह्याच्याइतकी वाईट गोष्ट मी ह्या धंद्यात पाहिली नाही.

हिशोब सोपा आहे. 33 मीटर व्यासाच्या जागी 144 मीटरचं चक्र बसवलं तर वारा पकडायचं क्षेत्र 19 पट होतं. 3 मेगावॅटची एक मशीन म्हणजे 350 किलोवॅटच्या आठ-नऊ. पंखे कमी, वीज जास्त. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं देशात अशी बदलण्यासारखी क्षमता 25 गिगावॅटच्या आसपास आहे. केंद्रानं रिपॉवरिंगचं धोरण 2016 ला काढलं, तेव्हा 1 मेगावॅटपर्यंतच्या मशीन त्यात होत्या, 2023 ला नवीन काढलं आणि 2 मेगावॅटच्या खालच्या घेतल्या.

मग होत का नाही?

कारण एका सड्याला मालक पन्नास. साताऱ्यात पंखे आले ते 1990 च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत, आणि बरेच आले ते टॅक्स वाचवायला. आधी 100 टक्के, नंतर 80 टक्के घसारा मिळायचा, म्हणजे पंख्याच्या किमतीचा तेवढा हिस्सा नफ्यातून वजा दाखवून टॅक्स वाचायचा, म्हणून ज्याला वाऱ्याशी घेणंदेणं नाही त्यानंही एक पंखा घेऊन ठेवला. आता आठ काढून एक बसवायचा तर त्या आठांचे मालक वेगळे, करार वेगळे, एक हो म्हणतो दुसरा फोन उचलत नाही. कंपनीला मग जंगल बरं वाटतं, तिथं बोलणी एकाच खात्याशी. हे कुणी उघड म्हणत नाही पण विस्तार जंगलाकडं सरकायचं मोठं कारण हेच, असं मला वाटतं.

प्राणी, आणि सडा "ओसाड" असतो ही थाप

सड्यावर काही नसतंच हे डोक्यातून काढा. चाळकेवाडीच्या सड्यावर एक सरडा आहे, नराच्या गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडतो, मे महिन्यात दगडावर बसून उघड-मीट करत असतो, आम्ही डबा खाताना बघायचो. सारडा सुपर्बा नाव दिलंय त्याला, 2016 ला. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले ह्या संशोधकांनी तिथंच अभ्यास केला, 2018 ला छापून आला. पंखे नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट. पंख्यांच्या भागात ससाणे-घारी कमी म्हणून सरडे वाढले, पण ते रोडावलेले, रंग फिके, आणि माणूस जवळ आला तरी उशिरा पळणारे. म्हणजे पंखा नुसता पक्षी मारत नाही, खालची सगळी घडी बदलतो. तेव्हा सडा फुकटात मिळतोय असं नाही. पण तिथं जे बिघडायचं ते बरंचसं वीस वर्षांपूर्वी बिघडलंय, आणि पंख्यांची संख्या कमी झाली तर थोडी जागा मोकळी होते.

जंगलात गोष्ट वेगळी. शेकरू शेंड्यावरून शेंड्यावर जातं, जमिनीवर उतरायचं टाळतं. मध्ये रुंद रस्ता आला की त्याच्यासाठी जंगलाचे दोन तुकडे झाले. भीमाशंकर अभयारण्य 1985 ला झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. आणि रस्ता झाला की त्यावरून फक्त पातीचा ट्रेलर जात नाही, मागून प्लॉटवाले येतात, लाकूडवाले येतात, शनिवार-रविवारचे डीजेवाले येतात.

कंपनीवाले प्रेझेंटेशनमध्ये परदेशातल्या जंगलातल्या पंख्यांचे फोटो दाखवतात, स्कॉटलंडमधलं ग्लासगोजवळचं व्हाइटली, जर्मनीतलं राइनहार्ड्सवाल्ड. व्हाइटलीत पहिले 140 पंखे होते, विस्तार करून 215 झाले, 539 मेगावॅट, आणि आत लोकांना फिरायला सायकलवाटा. छान आहे. पण तिथं तोडलेली झाडं बरीचशी लागवडीची स्प्रूस (पाइनसारखं सूचिपर्णी झाड), राइनहार्ड्सवाल्डमध्येही दुष्काळानं नि किड्यानं मेलेल्या स्प्रूसच्या जागा धरल्यात, तरी तिथल्या लोकांनी 18 पंख्यांविरुद्ध वर्षानुवर्षं भांडण केलं. आपलं जंगल लागवडीचं नाही आणि रिकामंही नाही.

पैसा

इथं मी भावाला खोटं सांगितलं नाही. रिपॉवरिंग झालं तर त्याच्या गावाला एक रुपया मिळत नाही, जे काय मिळेल ते सड्यावरच्या गावांना. जंगलात काम आलं तर वर्ष-दीड वर्ष जेसीबी, ट्रॅक्टर, खडी, हमाली, हॉटेल, सगळं चालतं. नंतर उरतात वॉचमनच्या नोकऱ्या, त्याही ठेकेदारामार्फत. टेक्निशियन बाहेरून येतो, मी पण बाहेरूनच गेलो असतो.

समोर ठेवायचं ते हिरडा, जांभूळ, मध, सरपण, गुरांची चराई. बाळहिरडा वाळवून विकला की बाजारहाट निघतो, आणि त्या पैशाला कुणाच्या सहीची गरज लागत नाही. हे कंपनीच्या कागदात कुठंच मोजलेलं नसतं, म्हणून गावानंच मोजायचं, घरटी किती किलो, किती रुपये, वहीत.

आणि हो, "कोळशापेक्षा बरं ना?" बरंच आहे. ताडोबाच्या आजूबाजूच्या खाणी बघून आलोय, तिथली धूळ बघितली की पंखा देव वाटतो. पण ती तुलना सडा आणि जंगल ह्यातून निवड करायला कामाची नाही, वारा दोन्हीकडं आहे.

कायदा, थोडक्यात पण नीट वाचा

पवनऊर्जा 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीतच नाही. म्हणजे पर्यावरण मंजुरी नाही, जनसुनावणी नाही. वनजमीन असेल तरच 1980 च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी लागते, ती दोन टप्प्यांत, आधी तत्त्वतः मग अंतिम. गावाच्या हातात जे आहे ते 2006 च्या वनहक्क कायद्याखालची ग्रामसभा. कोरम, म्हणजे किमान हजेरी, निम्म्या सदस्यांची आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. पंधरा जणांच्या सह्या घेऊन कुणी ग्रामसभा झाली म्हणत असेल तर ती झाली नाही. सामूहिक वनहक्काचा दावा, म्हणजे जंगलावरचा गावाचा हक्क मागणारा अर्ज, टाकला नसेल तर आधी तो टाका, ठराव नंतर.

माझं मत विचाराल तर विस्ताराला नाही म्हणा, जोवर शेजारच्या डोंगरावरचे जुने पंखे बदलत नाहीत तोवर. तरी गावाला द्यायचंच असेल तर मागा: राडारोडा कुठं टाकणार ते गट नंबरासकट, पावसाळ्याचे चार महिने खोदकाम बंद, डोंगरावरची वाट लोकांना आणि गुरांना खुली, आणि वीस-पंचवीस वर्षांनी पंखा काढायचा खर्च आत्ताच बँकेत. शेवटचं ऐकून साहेब लोक हसतात. मी मेलेले पंखे वर्षानुवर्षं तसेच उभे बघितलेत.

भावाला म्हटलं, त्यांच्याकडून नकाशा मागव. काल त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. डोंगराच्या धारेवर लाल ठिपके, प्रत्येकाला लोकेशन नंबर, सुबक काम. रस्ता एकही काढलेला नाही. त्याला सांगितलं, हा परत पाठव.