हेन्री स्ट्रीटची घरपोच नर्स सेवा: कुठे सरस, कुठे उणी

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये लिलियन वाल्ड या ज्यू परिचारिकेने १८९३ साली मेरी ब्रूस्टरसह ही सेवा सुरू केली. आजच्या आरोग्य योजनांच्या कसोट्या लावल्या तरी ती उजवी ठरते, आणि त्याचं श्रेय तिच्या रचनेला आहे. नर्सला बोलवायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे, घरातलं कुणीही येऊन निरोप देई. धर्म कुणी विचारत नसे. फी १० ते २५ सेंट, तीही परवडत असेल तरच. नर्स वस्तीतच राहत, १८९५ पासून २६५, हेन्री स्ट्रीटच्या घरात. त्यामुळे बाळंतिणीकडे किंवा न्यूमोनियाच्या रुग्णाकडे पुन्हापुन्हा जाणं जमे.

पण जिथे सेवा ठाऊकच नाही तिथून निरोप येणार कसा? १९०६ पासून कृष्णवर्णीय वस्तीत काम करणाऱ्या नर्स एलिझाबेथ टायलर इमारतींच्या रखवालदारांशी ओळख काढून आजारी माणसं शोधत. हा उपाय फार मोलाचा.

वाल्डबाईंची खरी कमाल शाळांमध्ये दिसते. शाळातपासणीचे डॉक्टर खुपऱ्या, उवा, नायटा दिसला की मुलाला घरी पाठवत, उपचार मात्र कुणीच करत नसे. मग वर्गातून काढलेलं मूल संध्याकाळी त्याच सवंगड्यांत खेळे. १९०२ मध्ये वाल्डबाईंनी आपल्या नर्स लीना रॉजर्स यांना महिनाभर चार शाळांसाठी दिलं. किरकोळ उपचार शाळेतच, बाकीच्यांसाठी घरी जाऊन आईला समजावणं. उवांसाठी रॉकेल आणि ऑलिव्ह तेल समभाग डोक्याला चोळायचं, दुसऱ्या दिवशी धुवायचं, लिखांना गरम व्हिनेगर. सप्टेंबर १९०२ मध्ये शहरात १०,५६७ मुलं घरी पाठवली गेली होती, पुढच्या सप्टेंबरात १,१०१. एका महिन्याचा प्रयोग, आधी स्वतःच्या खर्चाने करून दाखवलेला, आणि मग महापालिकेच्या गळी उतरवलेला!

उणी बाजू पैशाची. १९०९ पासून मेट्रोपॉलिटन लाइफ ही विमा कंपनी आपल्या पॉलिसीधारकांच्या भेटींचे पैसे देऊ लागली. काम झपाट्याने पसरलं, पण विमा कंपनीला लवकर बऱ्या होणाऱ्या रुग्णांत रस. जुनाट दुखणेकऱ्यांच्या लांबत जाणाऱ्या भेटी तिच्या हिशेबात बसत नव्हत्या. १९५३ मध्ये कंपनीने ही योजना बंद केली. शाळेतली नर्स मात्र शहराच्या पगारपत्रकावर होती, ती टिकली.