वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप की गूगल क्लासरूम?

जूनच्या मध्याला शाळा उघडली की स्टाफरूममध्ये हा विषय निघतोच: यंदा नुसत्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भागवायचं की गूगल क्लासरूम, म्हणजे गृहपाठ देण्या-घेण्याचं आणि तपासण्याचं अ‍ॅप, सुरू करायचं? दोन्हींना पैसे पडत नाहीत, दोन्ही फोनवर चालतात, त्यामुळे त्यात शिरत नाही. डोळ्यांसमोर पाचवीपासून पुढचे वर्ग आहेत. पहिली-दुसरीला ग्रुप पुरतो असंच माझं मत.

सूचनेसाठी ग्रुपला तोड नाही. जुलैत रात्रभर पाऊस कोसळतो, पहाटे सुट्टी जाहीर होते आणि सकाळच्या सत्रातली मुलं घराबाहेर पडायच्या आत निरोप पोचवायचा असतो. तिथे दुसरं काही उपयोगाचं नाही. 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग लावलं की 'ओके सर'ची रांगही थांबते. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक आईचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे मात्र मला खटकतं.

खरी अडचण आहे वह्या गोळा करण्याची, आणि माझा कौल त्यावरच ठरला. पन्नास मुलांचा वर्ग, गणिताच्या एका सरावसंचाची प्रत्येकी तीन पानं, म्हणजे 150 फोटो. ते येतात पालकांच्या नंबरवरून. डीपीवर गणपती, नाव 'साई कृपा', आणि फोटोत वहीचं आतलं पान. मुलाचं नाव वहीच्या कव्हरवर असतं, पानावर नसतं. घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर, म्हणून निम्मे फोटो रात्री नऊनंतर, आडवे, दुसरं पान आधी आणि पहिलं नंतर. कुणाचं आलं आणि कुणाचं राहिलं, हे कागदावर टिकमार्क करूनच कळतं. तपासून परत पाठवायचं तर प्रत्येक चॅट पुन्हा उघडा. शिवाय वेळेत डाउनलोड न केलेली फाइल सुमारे महिन्याभराने सर्व्हरवरून जाते, मग ती पुन्हा मागवावी लागते. फोनमध्ये जागा करायला फोटो उडवले, तर सहामाहीच्या पालकसभेत समोर ठेवायला काही उरत नाही.

क्लासरूममध्ये हा गुंता जवळजवळ सुटतो. प्रत्येक मुलाच्या नावापुढे काम दिसतं, किती जणांनी दिलं ते वर आकड्यात दिसतं, उशिरा आलेल्यावर तशी खूण असते. फोनच्या अ‍ॅपमध्ये वहीच्या फोटोवर बोटाने लाल खूण करता येते. तपासलेलं काम मुलाकडे परत पाठवणारं 'रिटर्न' दाबायला मात्र विसरू नका, नाहीतर गुण तुमच्याकडेच कच्चे पडून राहतात आणि मूल म्हणतं, 'सरांनी तपासलंच नाही.'

चुका इथेही होतात, पण त्या ठरलेल्या आहेत. मूल फोटो जोडतं आणि 'टर्न इन' (काम जमा करण्याचं बटण) न दाबताच बाहेर पडतं. दोन भावंडांचा एकच फोन असेल तर धाकट्याची वही ताईच्या खात्यात जाते, म्हणून आधी वरच्या कोपऱ्यातलं गोल चित्र दाबून खातं तपासायला शिकवा. शाळेची अधिकृत खाती असतील आणि मुलाने आईच्या जीमेलवरून वर्गात शिरायचा कोड टाकला, तर सहसा प्रवेशच मिळत नाही. कोड चुकलेला नसतो, खातं चुकलेलं असतं. तीन फोटोंऐवजी गूगल ड्राइव्ह अ‍ॅपच्या 'स्कॅन'ने तिन्ही पानांची एकच पीडीएफ करून घ्या, क्रम बिघडत नाही.

शिक्षकाकडून होणारी मोठी चूक वर्कशीट देताना होते. फाइल जोडल्यावर तिच्यापुढे तीन पर्याय येतात: मुलं फक्त पाहतील, सगळी एकाच फाइलमध्ये लिहितील, किंवा प्रत्येकाला वेगळी प्रत मिळेल. तिसरा पर्याय काम 'असाइन' करायच्या, म्हणजे वर्गाला पाठवायच्या, आधीच निवडावा लागतो, नंतर बदलता येत नाही. चुकून दुसरा निवडला तर पन्नास मुलं एकाच कागदावर लिहितात आणि एकमेकांची उत्तरं पुसतात.

साहित्य वाटायलाही मला क्लासरूम सोयीचं वाटतं. ड्राइव्हची लिंक ग्रुपवर टाकताना 'लिंक असलेल्या कुणालाही' करायचं राहिलं, तर रात्रभर परवानगीच्या विनंत्या येत राहतात. क्लासरूममध्ये जोडलेली फाइल वर्गाला सहसा आपोआप उघडते, आणि धड्यानुसार 'टॉपिक' म्हणजे वेगळे विभाग पाडले की मार्चमध्येही सापडते. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ तिथे एकदाच ठेवली की झालं.

ज्या वर्गात निम्म्या घरांत मुलाच्या हाती फोन येतच नाही, तिथे आग्रह धरू नये, कागदी वहीच बरी. बाकी ठिकाणी ग्रुप सूचनांपुरता ठेवावा आणि वह्या क्लासरूममध्ये घ्याव्यात, असं मला वाटतं. पहिला गृहपाठ मुद्दाम सोपा द्या: कोऱ्या पानावर स्वतःचं नाव आणि हजेरी क्रमांक लिहून त्याचा फोटो. कुणाचं पान कुणाच्या खात्यात आलं ते त्याच दिवशी कळतं.